शाळेची इमारत आणि राज्याचा शब्द

१९४२ च्या फेब्रुवारी महिन्यात नॉर्वेतील शिक्षकांपुढे एक फर्मान येऊन पडले. जर्मन फौजेच्या आश्रयाने सत्तेवर बसलेल्या क्विस्लिंगच्या सरकारने देशातील प्रत्येक शिक्षकाला एका नव्या सरकारी संघटनेचे सभासदत्व सक्तीचे केले होते, आणि त्या संघटनेच्या द्वारे कोवळ्या मुलांच्या मनावर नाझी मतांचा शिक्का उमटवण्याचा त्या सरकारचा बेत कोणापासून लपून राहिलेला नव्हता. देशात त्या वेळी सुमारे १४,००० शिक्षक होते. त्यांतील बहुसंख्यांनी एकाच मजकुराची छोटी पत्रे लिहून, खाली आपापली सही घालून, ती सरकारी खात्याकडे रवाना केली. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून आपण या संघटनेत सामील होऊ शकत नाही, एवढाच त्या पत्रांचा आशय होता. सरकारने जळण नाही अशी सबब सांगून शाळा महिनाभर बंद ठेवल्या, मार्चमध्ये सुमारे १,१०० शिक्षकांना अटक केली आणि त्यांपैकी पाचशेंहून अधिक जणांना बोटीने ध्रुववृत्तापलीकडच्या किर्केनेस बंदरात हमालीच्या कामावर धाडले. इकडे गावोगाव मुलांचे वर्ग घराघरांतून भरत राहिले. वर्ष संपण्यापूर्वी ते शिक्षक परतले, आणि सक्तीची ती संघटना कागदावरच राहिली.

या प्रसंगानंतर ७३ वर्षांनी, २०१५ च्या मे महिन्यात, त्याच देशाच्या राजधानीत, ऑस्लो येथे, निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि ‘सुरक्षित शाळा जाहीरनामा’ म्हणून आता ओळखला जाणारा दस्तऐवज त्यांनी जगापुढे ठेवला. या दोन घटना कार्यकारणाच्या एका धाग्यात ओवण्याचा मोह मी आवरतो, कारण राष्ट्रांच्या परराष्ट्रनीतीची मुळे इतक्या सरळ रेषेत क्वचितच सापडतात. शिवाय हाच नॉर्वे देश शस्त्रास्त्रांची निर्यातही करतो, हे विसरून चालणार नाही. तथापि शत्रूचा डोळा किल्ल्याइतकाच शाळेवरही असतो, हे ज्या समाजाने आपल्या आजोबांच्या पिढीत प्रत्यक्ष भोगले, त्या समाजाला या विषयाचे महत्त्व पटवून देण्यास कोणाला फार शब्द खर्चावे लागले नसतील, असे मला मनापासून वाटते.

जाहीरनाम्याचा मसुदा नॉर्वे आणि अर्जेंटिना या दोन देशांच्या पुढाकाराने, जिनिव्हातील वाटाघाटींतून सिद्ध झाला. त्याच्याशी जोडलेली सहा मार्गदर्शक तत्त्वे त्याआधीच, २०१४ च्या अखेरीस, पुरी झाली होती. ऑस्लोच्या परिषदेत ३७ राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. आज ती संख्या शंभरावर गेली आहे. २०१७ मध्ये फ्रान्स व कॅनडा, २०१८ मध्ये ब्रिटन व जर्मनी, म्हणजे ज्यांची सैन्ये खरोखर परदेशी रणांगणांवर जातात असे देशही त्यात आले. अमेरिका, रशिया आणि चीन आलेले नाहीत. भारतही आलेला नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

कोणी विचारील की, युद्धाचे कायदे असताना या नव्या कागदाची गरज काय होती? प्रश्न रास्त आहे. १९०७ च्या हेग नियमांनी शिक्षणसंस्थांच्या मालमत्तेला संरक्षण दिले. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने, जिंकलेल्या मुलखातील मुलांच्या शिक्षणाच्या संस्था नीट चालू राहतील हे पाहण्याचे कर्तव्य जेत्यावर टाकले. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने, एखादी शाळा लष्करी कामासाठी वापरली जात आहे की नाही याविषयी शंका असेल तर ती नागरी इमारतच समजावी, असे सांगितले. आणि १९९८ च्या रोमच्या कायद्याने शिक्षणाला वाहिलेल्या इमारतीवर हेतुपुरस्सर हल्ला करणे हा युद्धगुन्हा ठरवला. पण या सर्व कायद्यांच्या भिंतीत एक खिंडार राहून गेले. शाळेवर तोफ डागणाऱ्याला ते गुन्हेगार ठरवतात, परंतु शाळेत मुक्काम ठोकणाऱ्या तुकडीला मात्र ते स्पष्टपणे मज्जाव करीत नाहीत. आणि ज्या दिवशी ती तुकडी शाळेच्या छतावर वाळूची पोती रचते, त्या दिवशी ती इमारत कायद्याच्याच दृष्टीने लष्करी लक्ष्य होऊन बसते. मुलांच्या डोक्यावरचे कायद्याचे छत्र मुलांच्या हातून काहीही न घडता नाहीसे होते. ते काढून घेणारा पुष्कळदा शत्रूही नसतो. मुलांचे रक्षण करण्यासाठी आलेला आपलाच शिपाई असतो.

ऑस्लोच्या मार्गदर्शक तत्त्वांनी बोट ठेवले आहे ते नेमके या खिंडारावर. चालू असलेल्या शाळेचा कोणत्याही लष्करी कामासाठी उपयोग करू नये. ओस पडलेल्या शाळेचाही, अन्य कोणताच मार्ग नसल्याखेरीज, आणि तोही तो मार्ग सापडेपर्यंतच्या मुदतीपलीकडे करू नये. प्रतिपक्षाला वापरता येऊ नये म्हणून शाळा उद्ध्वस्त करू नये. शत्रूने शाळेत ठाणे केले असले तरी हल्ल्यापूर्वी दुसरा उपाय शोधावा आणि शक्य असेल तेथे आगाऊ इशारा द्यावा. शाळेच्या पहाऱ्यासाठी लढाऊ सैनिक शक्यतो नेमू नयेत. आणि हे सारे आपल्या सैन्याच्या हुकूमपुस्तकांत व प्रशिक्षणात उतरवावे. याखेरीज जाहीरनाम्याला मान्यता देणारे राज्य हल्ल्यांची खरी नोंद ठेवण्याचे, पीडितांना साहाय्य करण्याचे, तक्रारींची चौकशी करण्याचे आणि लढाई चालू असतानाही शिक्षण चालू ठेवण्याचे वचन देते. या वचनाला कराराचे बंधन नाही आणि ते मोडणाऱ्याला कोणतेही न्यायालय शिक्षा करणार नाही. त्यामागे उभा आहे तो केवळ राज्याचा शब्द.

हा प्रश्न युरोपातील परिषदगृहांत बसून कळत नाही. त्यासाठी आपल्या भामरागडहून इंद्रावती ओलांडावी आणि बस्तरच्या रानात पाऊल टाकावे. गडचिरोलीच्या वाचकाला ते रान परके नाही. तिथल्या एखाद्या गावात सगळी घरे मातीची, कुडाची, गवताने किंवा कौलांनी शाकारलेली असतात, आणि पक्क्या बांधणीची, सपाट छताची, आवार असलेली, हापशाजवळची इमारत बहुधा एकच असते: ती सरकारी शाळा. आपल्याकडेही मतदानाची पेटी शाळेतच ठेवतात, पुराने उठवलेली माणसे शाळेतच निजतात, साहेबांचा मुक्काम पडायचा तर तोही शाळेतच पडतो. शांततेच्या काळात याने काही बिघडत नाही. पण बस्तरमध्ये आणि तिकडे झारखंड व बिहारमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध पाठवलेल्या पोलिसी पथकांनाही हीच एक इमारत सापडली. छतावर पोती, दारात काटेरी तार, आवारात चर, आणि आतल्या एक-दोन खोल्यांत अंग चोरून बसलेली मुले, अशी वर्णने त्या काळच्या पाहणी-अहवालांत ठिकठिकाणी आढळतात. शौचालयही शिपायांच्या ताब्यात गेल्यामुळे मोठ्या मुली शाळेत येईनाशा झाल्या, ही त्यांतील एक नोंद. वाचताना ती क्षुल्लक वाटावी अशी आहे. परंतु एका पिढीचे शिक्षण याच वाटेने संपते.

दुसऱ्या बाजूने माओवाद्यांनी शाळा सुरुंगाने उडवल्या. पोलीस या इमारतींचा तळ म्हणून वापर करतात, हे त्यांचे समर्थन होते. पण ज्या शाळांत एकही शिपाई कधी उतरला नव्हता अशाही शाळा त्यांनी उडवल्या, यावरून ते समर्थन किती पोकळ होते हे उघड आहे. त्याचा निषेध करताना माझी लेखणी तसूभरही अडखळत नाही. तरीही त्यांना ही सबब आयती मिळू देण्यात राज्याचा वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.

या साऱ्यातून त्या भागात एक विलक्षण प्रकारची शाळा जन्माला आली. दंतेवाडा आणि बिजापूर या बस्तरच्या जिल्ह्यांत पाडलेल्या किंवा बंद पडलेल्या शाळांतील मुलांसाठी सरकारने बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींची निवासी शाळागृहे उभारली. लोक त्यांना ‘पोटा केबिन’ म्हणतात. पक्क्या भिंती आणि सपाट छत यांऐवजी बांबू का, याचे एक कारण त्या मुलखात सरसकट सांगितले जाते: बांबूच्या घरात मोर्चा बांधता येत नाही, त्याच्या छपरावर पहारा बसवता येत नाही, म्हणून तिथे शिपाई उतरणार नाही, आणि शिपाई उतरणार नाही म्हणून सुरुंगही लागणार नाही. या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या राज्याजवळ दगड, विटा, सिमेंट आणि पैसा या सर्वांची मुबलकता आहे, त्या राज्याला आपल्या लेकरांसाठी मुद्दाम कच्ची इमारत बांधावी लागली, कारण पक्की इमारत शस्त्रधाऱ्यांच्या नजरेत भरली असती! ऑस्लोचा जाहीरनामा जे शब्दाने साधू पाहतो, ते आम्ही बांबूने साधले. त्यासाठी मुलांना गाव सोडावे लागले, आईबाप सोडावे लागले, आणि गावातली शाळेची जागा मोकळीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात जे केले त्याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे. १ सप्टेंबर २०१० रोजी त्याने एका निराळ्या, अनाथालयांतील मुलांच्या शोषणासंबंधीच्या खटल्यात, निमलष्करी दलांनी व्यापलेल्या शाळा व वसतिगृहे मोकळी करण्याचा हुकूम केंद्र सरकारला दिला. आणि १८ जानेवारी २०११ रोजी नंदिनी सुंदर यांच्या प्रसिद्ध खटल्यात छत्तीसगडमधील शाळा, आश्रमशाळा व वसतिगृहे चार महिन्यांत रिकामी करून देण्यास फर्मावले. त्याच्याही कितीतरी आधी, १९५२ मध्ये, स्थावर मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेण्याचा व संपादनाचा जो केंद्रीय कायदा झाला, त्यात एक लहानसे कलम आहे: केवळ सार्वजनिक पूजेसाठी, शाळेसाठी, इस्पितळासाठी, सार्वजनिक ग्रंथालयासाठी किंवा अनाथाश्रमासाठी वापरात असलेली इमारत सरकारला अशा प्रकारे ताब्यात घेता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पाच वर्षांत, ऑस्लोच्या ६३ वर्षे आधी, आपल्या संसदेने देवळाच्या पंक्तीत शाळेला बसवले होते. त्या संसदेविषयी मला फार आदर वाटतो.

यापुढे मी आणखी दोन गोष्टी ठेवतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत सैनिक पाठवणाऱ्या देशांत भारत पहिल्या काही देशांपैकी आहे, आणि त्या सेनेच्या पायदळ पलटणींसाठी २०१२ मध्ये तयार झालेल्या हस्तपुस्तिकेत, सैन्याने आपल्या कारवायांसाठी शाळा वापरू नयेत, असा निःसंदिग्ध दंडक आहे. म्हणजे काँगोत किंवा दक्षिण सुदानात निळी टोपी घालून उभा राहणारा आमचा जवान हा नियम पाळण्यास बांधलेला आहे. दुसरी गोष्ट, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरक्षा परिषदेने केवळ शिक्षणाच्या संरक्षणाला वाहिलेला आपला पहिला ठराव, क्रमांक २६०१, एकमताने मंजूर केला. तो नॉर्वे व नायजर यांनी मांडला होता, आणि त्या वर्षी परिषदेत बसलेल्या भारताने त्याच्या बाजूने मत दिले.

संसदेचा कायदा आहे, न्यायालयाचा हुकूम आहे, शांतिसेनेची शिस्त आहे, परिषदेतील मतही आहे. मग ऑस्लोच्या कागदावर आपले नाव का नाही?

माझ्या समजुतीप्रमाणे सारी अडचण ‘सशस्त्र संघर्ष’ या दोन शब्दांत साठलेली आहे. देशातील माओवादी हिंसाचार किंवा काश्मिरातील दहशतवाद हा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने सशस्त्र संघर्ष होय, हे भारताने कधीच मान्य केलेले नाही, आणि संघर्षातील मुलांविषयीच्या, संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांच्या वार्षिक अहवालांत या प्रदेशांचा उल्लेख होत असे तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी त्यावर वेळोवेळी हरकत घेतली. या हरकतीमागची भीती मला हास्यास्पद वाटत नाही. ज्या देशाने आपल्या एका प्रांताचा प्रश्न परक्यांच्या चव्हाट्यावर सात दशके मांडला गेलेला पाहिला, तो देश प्रत्येक परकी शब्दाकडे संशयाने पाहील, हे स्वाभाविक आहे. परंतु जाहीरनामा हा करार नाही. तो कोणत्या प्रदेशात लागू आहे याची यादी त्यात नाही. त्याला मान्यता दिल्याने कोणत्याही परकीय संस्थेला आपल्या सरहद्दीच्या आत तपासणीचा अधिकार प्राप्त होत नाही. मान्यता देताना आपली भूमिका स्पष्ट शब्दांत नमूद करण्यापासून आपल्याला कोणी रोखणार नाही. शिवाय २०२३ च्या अहवालातून भारताचा उल्लेख वगळण्यात आला, आणि बस्तरमधील माओवाद्यांचा जोरही अलीकडे पुष्कळ ओसरला आहे. लढाई ऐन भरात असताना दिलेला शब्द दडपणाखाली दिला असे म्हणता आले असते. आता तसे कोणी म्हणू शकणार नाही.

लष्कराची हरकत याहून अधिक वजनदार आहे, आणि तिला उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे. पावसाळ्याच्या दिवसांत, सुरुंग पेरलेल्या रस्त्याने चालून आलेल्या जवानाने रात्र काढावी तरी कुठे? त्यालाही घरी मुले आहेत, आणि पक्क्या भिंतीच्या आड त्याचा जीव वाचत असेल तर ती भिंत शाळेची आहे म्हणून त्याला उघड्यावर झोपवणे हा कुठला न्याय? याचे उत्तर असे की, जवानाच्या निवाऱ्याची तजवीज करणे हे त्याला तिथे पाठवणाऱ्या सरकारचे काम आहे. ते काम न केल्याची किंमत जवानाने आपल्या जिवाने किंवा मुलांनी आपल्या शाळेने का मोजावी? चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र मराठी वाचकाला ठाऊक आहे. पावसाळ्याची बेगमी पुरवून वापरावी, लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेच्या दाण्यागवताला जबरीने हात लावू नये, नाहीतर यांच्यापेक्षा मोगल बरे असे रयतेला वाटेल, हा त्याचा आशय. त्या पत्रात शाळेचा उल्लेख नाही, असण्याचे कारणही नाही. पण मुक्कामाला आलेल्या फौजेच्या सोयीपेक्षा रयतेच्या मनातली राज्याची जागा मोलाची आहे, हा जो त्याचा गाभा, तो बस्तरच्या बाबतीत अक्षरशः लागू पडतो. कारण तिथली लढाई मुळात रयतेच्या मनासाठीच होती.

तिसरी शंका सर्वांत निराशाजनक आहे: मान्यता दिलेल्या देशांतही शाळा जळतच आहेत, मग उपयोग काय? ही वस्तुस्थिती मी नाकारीत नाही. अफगाणिस्तान व नायजेरिया या दोन्ही देशांनी २०१५ मध्ये मान्यता दिली आणि दोन्हीकडे त्यानंतर विद्यार्थ्यांचे हाल संपले नाहीत. युक्रेनने २०१९ मध्ये मान्यता दिली. २०२२ पासून रशियन तोफांनी तिथल्या हजारो शिक्षणसंस्थांची नासधूस केली, खार्किव्हची मुले भुयारी रेल्वेच्या स्थानकांत धडे गिरवू लागली, आणि युक्रेनच्या स्वतःच्या तुकड्यांनीही काही शाळांत तळ दिल्याच्या नोंदी झाल्या. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत जगभरात शिक्षणावरील हल्ल्यांच्या व शाळांच्या लष्करी वापराच्या सुमारे ६,००० घटना या विषयाला वाहिलेल्या जागतिक संघटनांच्या आघाडीने नोंदवल्या आहेत. एवढ्या मोठ्या काळोखात एका जाहीरनाम्याचा दिवा किती उजेड पाडणार?

पण शब्दाचा उपयोग तो मोडला जातो तेव्हाच अधिक कळतो. ज्याने शब्द दिलेला नाही त्याला विचारता येत नाही. दिलेला असेल तर त्याचीच सही त्याच्यापुढे धरता येते. युक्रेनच्या तुकड्यांविषयी प्रश्न विचारला गेला तो युक्रेनच्याच वचनाच्या आधारे. फिलिपिन्सने १९९२ मध्येच शाळांच्या लष्करी वापराला कायद्याने बंदी केली, कोलंबियाच्या सेनापतींनी २०१० मध्ये तसा हुकूम काढला, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील शांतिसेनेने २०१५ च्या अखेरीस आपल्या सैनिकांना तसे बजावले. हे सगळे सुटे धागे होते, त्यांना एकत्र वळणारा पीळ या जाहीरनाम्याने दिला. आपल्या एखाद्या जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक तुकडीचा मुक्काम ठरवायला बसतो, तेव्हा त्याच्या टेबलावर न्यायालयाचा पंधरा वर्षांपूर्वीचा हुकूम क्वचितच असतो. पण त्याच्या दलाच्या नियमपुस्तकात हा दंडक छापलेला असेल आणि देशाने जगापुढे तो उच्चारलेला असेल, तर त्याला शाळेच्या दाराची कडी उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागेल.

आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते. आमच्या शेजारी, पेशावरच्या लष्करी शाळेत १६ डिसेंबर २०१४ रोजी मुलांचे जे हत्याकांड घडले ते ऐकून साऱ्या भारताने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून दुःख व्यक्त केले. इथल्या शाळांतील मुलेही उभी राहिली होती. शत्रुदेशाच्या मुलांसाठी शोक करण्याइतके आपले मन मोठे आहे. २०१६ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात पंचवीसहून अधिक शाळा जाळण्यात आल्या तेव्हाही आपण हळहळलो. या हळहळीला राज्याच्या भाषेत उतरवण्याचे साधन आज हाताशी आहे, आणि ते आपण वापरलेले नाही.

जाहीरनाम्याला मान्यता देण्याची पद्धत अगदी साधी आहे. सरकारने नॉर्वेच्या परराष्ट्र खात्याला तशा आशयाचे एक पत्र पाठवायचे. त्यासाठी कायदा करावा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, तिजोरीतून रुपया जात नाही. वाचकांना माझी विनंती एवढीच की, आपला खासदार पुढच्या वेळी गावात येईल, आणि बहुधा शाळेच्या पटांगणातच त्याची सभा होईल, तेव्हा ते पत्र ऑस्लोला कधी जाणार, हे त्याला उभे राहून विचारावे.